दुसरी मूठ

माझे वडील कापसाचे ग्रेडर होते. धरणगावच्या खरेदी केंद्रावर हंगामात पहाटेपासून बैलगाड्यांची रांग लागायची, आणि एकेका गाडीतल्या कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. आम्ही त्यांना नाना म्हणायचो, आणि गाडीवानही नानाच म्हणायचे. गाडी पुढे आली की नाना वरच्या थरातून बोटभर कापूस उचलायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे, तुटलेला अर्धा दुसऱ्या अर्ध्यावर ठेवून पुन्हा ओढायचे. असं तीनदा. तिसऱ्या ओढीला धागा किती लांब आहे ते डोळ्यांसमोर यायचं. मग ते एक शब्द बोलायचे. तो शब्द चिठ्ठीवर चढला की गाडी वजनाला जायची. सगळं मिळून अर्धा मिनिट.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. नानांची परीक्षा चुकत नाही असं पंचक्रोशीत बोललं जायचं आणि नानांच्या कानांवरही ते बरंच पडलेलं होतं. त्यांचा एक नियम होता: बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, चुकलं तर? ते म्हणाले, एक गाडी दुसऱ्यांदा पाहिली की मागच्या शंभर गाड्या दुसऱ्यांदा पाहाव्या लागतात. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता वाटतं की माणूस पिंजऱ्याला दार ठेवत नाही ते असंच काहीतरी हिशेबी कारण सांगून.

धागा ओढायला त्यांनी आम्हा दोघा भावंडांना घरी शिकवलं होतं. मायच्या वातींचा कापूस घेऊन आम्ही ओटीवर बसायचो. माझी बोटं चांगली होती. नाना म्हणायचे, पोरीच्या हाताला नजर आहे. धाकटा माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि डावखुरा. जेवताना मायच्या चापट्या खाऊन खाऊन तो उजव्या हातावर आला होता, पण कापूस ओढायची वेळ आली की डावा हात आपोआप पुढे यायचा. नाना हसायचे, म्हणायचे, हा उलट्या हाताचा ग्रेडर. त्यांना हसताना मी पाहिलंय हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते दृश्य दिसलं नाही.

धाकटा वीस वर्षांचा असताना एके दिवशी दुपारी नानांचा डबा घेऊन केंद्रावर गेला. मी पण होते, कारण मला तिथूनच पुढे बस धरायची होती. एका म्हाताऱ्याची गाडी पुढे आली. वरचा थर कवडी म्हणजे पिवळा पडलेला, डागी, पालापाचोळा लागलेला कापूस. नानांनी चिमूट उचलली, एकदाच ओढली आणि म्हणाले, "कवडी."

यात नानांचं डोकं कसं चाललं ते मला आज पाठ आहे. कापूस विकायला आणणारा माणूस चांगला माल वर ठेवतो आणि वाईट माल खाली दडवतो. सगळ्या खानदेशात हेच चालतं आणि ग्रेडरलाही ते ठाऊक असतं. म्हणजे वरचाच थर असा असेल तर खाली काय असेल! बाकीच्या दोन ओढी कशाला हव्यात? तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना एवढं शिकवलं होतं. फक्त त्या म्हाताऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं चांगली वेचणी आधी भरली, आणि मग घरात उरलेला जुना कापूस गाडीत जागा होती म्हणून वर लोटून दिला.

बोलला तो धाकटा. त्यानं डबा खाली ठेवला, गाडीच्या कठड्यावर चढला, खांद्यापर्यंत हात आत खुपसला आणि मूठभर कापूस बाहेर काढला. पांढराशुभ्र. डाव्या हातानं त्यानं तो ओढला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि लांब धागा नानांच्या डोळ्यांपुढे धरला.

"नाना, मझार देखा. वरला थर नका देखू."

मझार म्हणजे आत. सगळे गाडीवान बघत होते. हमाल थांबले होते. नानांनी त्या हाताकडे बघितलं नाही. मान तेवढी जराशी हलली आणि परत सरळ झाली. ते म्हणाले, "पुढली गाडी."

त्या संध्याकाळी मी घरी नव्हते. मायनं सांगितलं तेवढंच मला माहीत. नाना घरी आले, पाय धुतले, आणि पाय पुसता पुसता म्हणाले, "आजपाईन तू माले मरी गया." आवाज चढवला नाही. प्रत सांगतात तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा घरात नव्हता. त्याचे दोन शर्ट नव्हते आणि मायची वातींच्या कापसाची पिशवी नव्हती. ती त्यानं का नेली हे आम्हाला कधी कळलं नाही.

मामांनी सुरतेला आणि मनमाडला शोध घेतला. ओळखीच्यांना पत्रं गेली. नानांनी कुणाला मनाई केली नाही आणि त्याला शोधायला स्वतः उंबराही ओलांडला नाही. वर्ष गेलं, दोन गेली.

पुढचं कळायचं तर आमच्या घरातल्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. तिच्या रोटासाठी म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी जे गहू घ्यायचे, ते घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ घ्यायचे. गावात असो, परगावी असो, नोकरीला असो, त्याची मूठ निघते. मेलेल्याची निघत नाही. त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही ते चालत नाहीत. पोरींची मूठ तर मुळातच नसते. यावर मी कॉलेजात असल्यापासून मायशी भांडत आले. धाकटा गेल्यावर माझा राग चमत्कारिकच झाला. मी घरात होते आणि माझी मूठ नव्हती. तो घरात नव्हता आणि त्याची होती.

कारण माय घेत होती. पहिल्या श्रावणात ती गव्हाच्या सुपाशी बसली, नानांचं नाव घेऊन सव्वा मूठ काढली, मग धाकट्याचं नाव घेऊन सव्वा मूठ काढली. नाना समोर खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. नको म्हणाले नाहीत. ज्याला मेला म्हटलं त्याच्या नावाचे रोट त्यांनी पुढचे चार दिवस खाल्ले. त्यांना धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं असं झालं होतं, आणि घरात आम्ही तिघं असूनही त्याबद्दल एक शब्द निघाला नाही. दर श्रावणात हेच. एक सूप, दोन मुठी आणि उलटलेलं पान.

मी दरम्यान धुळ्याला लागले. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलींना मानसशास्त्र शिकवायची नोकरी. एक खोली, एक स्टोव्ह, शनिवारी धरणगावची बस. स्थळं यायची, आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न यायचा, भाऊ काय करतो? बाहेरगावी असतो, असं माय म्हणायची. कुठं, असं ते म्हणायचे. मग चहा यायचा आणि स्थळ जायचं. काही वर्षांनी स्थळंही यायची थांबली. धाकट्यावर माझी माया होती हे खरंच, पण त्या दिवसांत त्याचा मला संतापही होता. तो गेला आणि मोकळा झाला. आम्ही इथंच खिळलो.

वर्गात मी फळ्यावर तीन चौकोन काढायची. पहिल्यात लिहायची, बाहेरून येणारी माहिती. दुसऱ्यात, मनानं लावलेला अर्थ. तिसऱ्यात, निर्णय. मध्ये बाण. मुली वहीत पट्टीनं चौकोन काढायच्या. मी सांगायची की मन सगळं बघत नाही, थोडं बघतं आणि उरलेलं आपल्या अनुभवातून भरतं. उदाहरण म्हणून कापसाची गाडी फार छान होती. मी ते कधी दिलं नाही.

एकदा मुलींचे पाठ बघायला मी साक्रीला गेले होते. दुपारी काम आटोपलं आणि धुळ्याची बस मिळाली. बाजाराचा दिवस. बस अशी भरलेली की पाय उचलला तर परत ठेवायला जागा नाही. तिघांच्या सीटवर मला खिडकी मिळाली. शेजारी दोन बायका, त्यांच्या मांडीवर पोरं, पायांत कांद्याचं पोतं आणि वाटेत कोंबड्यांची पाटी. बाजारातून बस बैलाच्या चालीनं निघाली होती. मध्येच थांबत होती.

रस्त्याच्या कडेला एका गादीवाल्यानं पिंजलेल्या कापसाचा ढीग मांडला होता. ढिगाजवळ एक माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्यानं बोटभर कापूस उचलला, चिमटीत धरून ओढला, अर्धा अर्ध्यावर ठेवला, पुन्हा ओढला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या ओढीनंतर त्यानं धागा उजेडाला धरला आणि मान जराशी कलती केली.

मानेवरचे केस, कानाची पाळी, खांद्याचा उतार. मला वाटलं, धाकटा.

आता हेही खरं की गादी घेताना कापूस ओढून बघायला अर्ध्या खानदेशाला येतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. दहा आकडे मोजावेत एवढा वेळ बस तिथं होती. मी खिडकीची दांडी धरली. नाव घशापर्यंत आलं. कंडक्टरनं बेल मारली. माणूस खाली वाकला, ढिगाआड गेला आणि बस पुढे सरकली.

मी हाक मारली नाही. उठले नाही. थांबवा म्हटलं नाही.

का नाही, याची मी नंतर पुष्कळ कारणं लावली. भर बाजारात एका पुरुषाचं नाव घेऊन बाईनं ओरडायचं! तो नसता तर? पोतं, पाटी, पोरं यांच्यातून दारापर्यंत कशी गेले असते? ही सगळी कारणं चांगली आहेत आणि सगळी मागाहूनची आहेत. धुळ्याला जाऊन मला काही करायचं नव्हतं. खोलीवर खिचडी टाकायची होती, एवढंच. खरं सांगायचं तर तो नसेल याची मला भीती वाटली नाही. तो असेल याची वाटली. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं असतं आणि परत मान फिरवली असती तर मी काय केलं असतं? आणि तो आला असता, तर घरातला तो एक शब्द कुणी परत घ्यायचा होता?

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, निर्णय झाला हे आपल्याला कधी कळतं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. मला माझा निर्णय आदल्या दिवशी बसनं नदीचा पूल ओलांडल्यावर कळला होता. पुलाच्या अलीकडे मी अजून उतरण्याच्या विचारात होते. पलीकडे गेल्यावर लक्षात आलं की न उतरण्याचं कधीच ठरून गेलं होतं, मला फक्त उशिरा सांगण्यात आलं.

त्यानंतर मी चार वेळा साक्रीच्या बाजाराला गेले. गादीवाला म्हणाला, बाई, कापसाला हात लावणारी माणसं शंभर येतात. चेहरे कोण लक्षात ठेवतो? बरोबरच होतं त्याचं.

मायला मी सांगितलं नाही. पाहिलं म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग उतरली का नाहीस? मी मूग गिळून बसले, आणि जे गिळलं ते आत वाढायला लागलं. पहिल्या वर्षी तो माणूस पाठमोरा होता. दुसऱ्या वर्षी आठवणीत तो थोडा वळला. तिसऱ्या वर्षी मला त्याच्या एका डोळ्याचा कोपरा दिसू लागला. शर्ट आधी निळा होता, मग चौकड्यांचा झाला, कारण धाकट्यानं नेलेला एक शर्ट चौकड्यांचा होता. आणि ओढणारा हात डावा होता. याबद्दल मला शंकाच राहिली नाही. आठवणी अशा कशा रंगतात हे मी पोरींना सत्रात दोन तास शिकवत होते, आणि खोलीवर येऊन रोज थोडा रंग लावत होते.

साक्रीच्या त्या दुपारनंतरच्या तिसऱ्या श्रावणात हे घडलं. मी रजा घेऊन घरी आले होते. सकाळची वेळ, माय सुपाशी बसलेली, नाना खाटेवर. ते निवृत्त झाले होते आणि पेपर आता डोळ्यांजवळ धरावा लागत होता. मायनं नानांची सव्वा मूठ काढली. मग तिचा हात गव्हावर गेला आणि तिथंच थांबला.

मी बघत होते. हात खाली जाईना आणि मागेही येईना. भावकीतल्या कुणी बाईनं तिला आदल्या दिवशी काहीतरी सुनावलं होतं, जिवंत नाही त्याची मूठ घेतली तर कानबाई कोपते म्हणून. इतक्या वर्षांत जी बाई डगमगली नव्हती ती आता मला विचारत होती.

"तू पोरीसले मन कसं चालस ते शिकाडस ना? मंग सांग. लेऊ का नको?"

नानांनी पान उलटलं नाही.

घेऊ नको म्हणणं म्हणजे त्याला मारणं. घे म्हणावं तर कशाच्या जोरावर? माझे तीन चौकोन माझ्यासमोर उभे राहिले आणि पहिला रिकामा होता. एक पाठ, एक कान आणि कापसाची चिमूट. इकडे आड तिकडे विहीर, आणि माझा पाय घसरायला लागलेला.

"ले," मी म्हटलं.

"कसावरथीन सांगस?"

"मी देखं त्याले. साक्रीना बाजारमा."

माय रडली नाही की ओरडली नाही. तिनं फक्त हात गव्हावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. मी सगळं सांगितलं. बस, पोतं, गादीवाला, कापूस. उतरले नाही हेही सांगितलं. तिनं त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि तो न विचारलेला प्रश्न मला आजही विचारल्यासारखा ऐकू येतो.

पेपर खाली आला. नाना म्हणाले, "कसा वढी ऱ्हायंता?"

मायजवळ वाती वळायला काढलेला कापूस होता. नानांनी हात लांब करून त्यातला बोटभर घेतला आणि मला दिला. मी चिमटीत धरला. ओढला, अर्धा अर्ध्यावर ठेवला, ओढला, ठेवला, ओढला. धागा उजेडाला धरला. मान कलती केली.

"परत दखाड."

मी चमकले. परत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी परत केलं.

"परत."

तिसऱ्या वेळी माझं माझ्याच हातांकडे लक्ष गेलं. ओढत होता तो उजवा हात. माझ्या डोक्यात तीन वर्षं डावा होता आणि हात उजवा दाखवत होते. मग मी साक्रीला पाहिला तो कोणता? की मी उजव्या हाताची म्हणून माझे हात त्यांच्या सवयीनं चालले आणि त्याचा पाहिलेल्याशी काही संबंध नाही? मी तो क्षण पुन्हा पाहायचा प्रयत्न केला. पाठ दिसली, कान दिसला. हात दिसेनात. जिथं हात असायला हवे होते तिथं नुसता पांढरा कापूस होता. मायचं माझ्या हातांकडे लक्ष नव्हतं, ती नानांच्या तोंडाकडे बघत होती.

"कोन्ता हात?" नानांनी विचारलं.

पुन्हा तेवढाच वेळ होता, दहा आकड्यांचा. माहीत नाही, असं म्हणता येत होतं. तेच खरं होतं. पण माय तिथं बसली होती, मांडीवर रिकामा हात ठेवून.

"डावा," मी म्हटलं.

नाना उठले. गुडघ्यांवर हात टेकत खाली सुपाशी बसले. आमच्यात गहू बाईमाणूस काढतं, पण मायनं सूप त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी धाकट्याचं नाव घेतलं. दहा वर्षांनी. नावाच्या मध्येच आवाज चिरकला म्हणून परत पहिल्यापासून घेतलं. सव्वा मूठ गहू काढले आणि चार दाणे खाली सांडले ते एकेक वेचून मुठीत टाकले. मला रडू आवरेना. मायला वाटलं आनंदानं रडते.

कानबाईचं विसर्जन झाल्यावर मी धुळ्याला निघाले तेव्हा नाना स्टँडपर्यंत आले. बस लागलेली होती. मी चढणार तेवढ्यात ते म्हणाले, "तुना उजवा हात वढी ऱ्हायंता. माले दखायनं."

मी पायरीवर थांबले. ज्यांनी उभ्या जन्मात लाखो वेळा ओढणारा हात पाहिला, त्यांच्यापासून ते लपणार होतं थोडंच? मी विचारलं, मग मूठ का घेतली?

"वरला थर देखीसन मी एक डाव फसनू," ते म्हणाले. मागून लोक ढकलत होते. मी आत गेले. खिडकीतून पाहिलं तर ते घराकडे वळले होते.

पुढच्या बाजाराला माय माझ्याबरोबर साक्रीला आली. त्याच्या पुढच्यालाही. गादीवाल्याच्या पलीकडे एका दगडावर ती डोक्यावरून पदर घेऊन दिवसभर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा डावा हात बघायची. मी शेजारी बसायची. मी एकदा तोंड उघडलं, म्हटलं, माय, मला नीट दिसलं नव्हतं गं. ती म्हणाली, तू देखं तेच बरोबर शे. बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा हे आमच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. तिसऱ्या बाजारानंतर तिचे गुडघे धरले आणि जाणं थांबलं.

चार वर्षांनी नाना गेले. त्या श्रावणात मायनं सूप पुढे ओढलं आणि एकच मूठ काढली. घरात होता त्याची बंद झाली आणि नव्हता त्याची चालू राहिली. आता तिच्या हाताला कंप आहे, मुठीतून गहू निसटतात, म्हणून ती मला काढायला सांगते. मी सुपाशी बसते. त्याचं नाव घेते. दर वर्षी माझा हात गव्हावर जाऊन थोडा थांबतो. मला तो पांढरा ढीग दिसतो, पाठ दिसते, कान दिसतो. हात दिसत नाहीत.

"लिधी का?" माय विचारते.

"लिधी," मी म्हणते.

मग त्या पिठाचे रोट होतात आणि पौर्णिमेपर्यंत आम्ही दोघी बसून ते खातो. बाहेरच्या कुणाला देता येत नाहीत.